न कापलेली पानं

२३ जुलै २०१६, शनिवार

पहाटे जाग आली ती आवाजाने. आवाज इथला नव्हे, कऱ्हाडच्या शाळेतला. माझा वर्ग आठवी ब आणि बायकोचा, विमलचा, पाचवी अ, यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. पलीकडे चाळीस मुली एका सुरात कविता म्हणत आणि इकडे माझी मुलं समास सोडून बाकाखाली पाय हलवत ताल धरत. विमलची पोरींना शिस्त अशी की श्वाससुद्धा एकदम घेत. ओळ संपली की तो श्वास पार्टिशनमधून ऐकू यायचा. आज तो श्वास ऐकला. कविता नाही ऐकली.

उठून बसलो. अकरावा मजला, शेजारच्यांच्या एसीचं पाणी ठिबकतंय, सिंगापूरचं हे सेम्बावांग झोपलेलं.

परवा विमलला जाऊन तीन वर्षं झाली. मुलाच्या, निखिलच्या, लक्षात होतं. मृदुलाने ऑफिसला जायच्या आधी खीर केली. सून असून लेकीसारखं करते. आणि मी म्हातारा नुसता बघत बसतो.

२६ जुलै

जेवताना मृदुलाने फोन पुढे केला. "बाबा, हे आईंचंच ना?"

जुन्या मराठी मुखपृष्ठांचे फोटो टाकणाऱ्या लोकांचा कुठलासा ग्रुप आहे. त्यात एक फोटो. पिवळट जाड कागद, त्यावर लाकडी ठोकळ्याने छापलेली उघडी डबी, त्यातून सांडलेले खडू, एक मोडका. वर 'खडूची डबी'. खाली बारीक टायपात विमलचं नाव.

हातातला घास हातातच राहिला. चाळीस वर्षांवर झाली हे मुखपृष्ठ पाहून.

ईराने विचारलं, "आज्जी वॉज अ रायटर?" नऊ वर्षांची नात, आजीला फक्त खीर आणि गोष्टींपुरती ओळखते. निखिल म्हणाला, एक पुस्तक होतं. एकच.

मी म्हटलं, बत्तीस पानी.

२७ जुलै

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या आठवेल याची खात्री नाही.

तीनशे प्रती. निम्म्या शाळेत बक्षिसांना आणि नातलगांत गेल्या. उरलेल्या विमलने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या. बाकीच्या बायका वाट्या, गाळणी, प्लास्टिकचे डबे लुटत होत्या. हिने आपल्या कविता लुटल्या. गल्लीत दोन दिवस हसत होते लोक. मास्तरीणबाईंनी वाणात अभ्यास दिला म्हणे.

प्रेसचं कटिंग मशीन नेमकं त्याच आठवड्यात बंद. संक्रांत दारात. पुस्तकं शिवून आली पण कडा न कापता. म्हणजे कागदाच्या घड्या तशाच, पानं वरून आणि बाजूने एकमेकांना जोडलेली. प्रत्येक प्रत पट्टी घालून कापायची. ते काम मी घेतलं. दोनेकशे कापल्या असतील. मग हात भरून आले, चाचणीचे पेपर पडले होते, म्हटलं उरलेल्या दे तशाच, ज्याला वाचायचंय तो कापून घेईल. विमल काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी धरून चालायचो, पटलं.

घरासाठी एक ठेवली होती. दिवेलागणीला, सगळं आवरल्यावर ताराबाई आल्या. आमच्या मागच्या आळीतल्या, पापड लाटायच्या. सवाष्ण दारात आली की रिकाम्या हाताने पाठवायची नाही. वाण संपलेलं. विमलने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, दे की ती, पुन्हा छापू.

पुन्हा छापू. पोरं झाली, बदल्या झाल्या, घर झालं, निवृत्ती झाली.

प्रुफं मी तपासली होती. बाकी सगळ्या कविता तिच्या वर्गातून पार्टिशनपलीकडून कानावर पडून पाठ झाल्या, आजही म्हणेन. एक सोडून. शेवटच्या फॉर्मात, म्हणजे छापून घडी घालायच्या तावात, जागा उरली म्हणून प्रेसवाल्याने अजून एक मागितली, तिने तिथेच स्टुलावर बसून लिहून दिली. ती कधी वर्गात शिकवली नाही. तिचं पहिलं कडवं तेवढं येतं.

सुटली शाळा, पोरी गेल्या,
खोली झाली रिकामी;
फळा खडूला हळूच म्हणतो,
आता उरलो तू नि मी.

मग पुढच्या पानावर खडू उत्तर देतो. ते काय, आठवत नाही. आठवत नाही हे खोटं. माहीतच नाही. त्या प्रुफात मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, कविता पाहिली नाही.

२९ जुलै

फोटो टाकणारा माणूस पुण्या-मुंबईत असेल असं वाटलं होतं. तो पुंगोलला निघाला. सिंगापुरातच! मंदार नाव, बँकेत कॉम्प्युटरचं बघतो, मूळचा साताऱ्याचा. मृदुलाने मेसेज केला, तासात उत्तर. "काकांना घेऊन या, रविवारी, पोहे खायला." फोनवर बोललो. आवाज नम्र. म्हणाला, लेखिकेच्या घरचं कुणी भेटेल असं स्वप्नातही नव्हतं.

लेखिका. विमलला हा शब्द कुणी लावलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी तरी कधी लावला?

दाढीचं ब्लेड बदललं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. निखिल हसला, "बाबा, बघायचा कार्यक्रम आहे का?"

असंच काहीसं.

३१ जुलै, रविवार

निखिल बरोबर होता. बिशानला बदल, सेरंगूनला बदल, मग पुंगोल, तिथून ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी. ती इमारतींच्या कुशीतून वळणं घेत जाते. मांडीवर हात ठेवून बसलो होतो.

मंदारचं घर टापटीप. एका खोलीत कपाटं, ओल लागू नये म्हणून सतत चालणारं यंत्र, पडदे बंद. बायको-मुलं पोहायला गेलेली. त्याची आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसलेली. शालिनीबाई, पंच्याहत्तरीच्या, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात. "या मास्तर," म्हणाल्या. मास्तर आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. बसण्यावरूनच कळतं म्हणे.

मंदारने पांढरे सुती हातमोजे चढवले. पारदर्शक पाकिटातून पुस्तक काढलं आणि मखमली कापडावर ठेवलं.

हात पुढे केला आणि मागे घेतला. परवानगी मागावी लागते हे आधी कळलंच नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. मन लावून, चांगल्या शिक्षकासारखं. पुस्तक जुनं म्हणून दुर्मिळ होत नाही, आणि थोडं छापलं म्हणूनही नाही. किती उरलं यावर ठरतं. पोरांची पुस्तकं सगळ्यांत कमी उरतात, कारण पोरं ती वापरून संपवतात. दप्तरात चुरगळतात, भावंडांकडे जातात, पानांच्या होड्या होतात. ज्या पुस्तकावर जीव लावला ते शिल्लक राहत नाही. "लोक उलटं समजतात, काका."

आणि हे पुस्तक लोक शोधतात ते मुखपृष्ठासाठी. तो ठोकळा कोरला होता आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या हाताखालच्या एका मुलाने. तो मुलगा पुढे फार मोठा चित्रकार झाला. मला ठाऊक होतं, पेपरात फोटो यायचे. हे त्याचं पहिलं छापील काम. माहितीतल्या प्रती तीन. एकीचा शेवटचा फॉर्म गळून गेलाय. दुसरीचं नुसतं मुखपृष्ठ कुणीतरी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. "आणि ही. संपूर्ण. आणि मुख्य म्हणजे..."

त्याने पुस्तक अलगद उभं धरलं. कडा मला दिसल्या.

न कापलेली. वरची घडी शाबूत. बाजूची घडी शाबूत.

"कुणी कधी उघडलेलंच नाही," मंदार म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. अशी प्रत मिळत नाही."

आतल्या कोऱ्या पानावर विमलचं अक्षर. 'सौ. ताराबाईंस, संक्रांतीचे वाण.' मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात तांबूस ठसा. मंदारच्या नोंदवहीत त्याला 'डाग' असं लिहिलेलं. मी सांगितलं, डाग नाही, कुंकू लावून तेच बोट पुस्तकाला लागलंय, तिचं. त्याने लगेच नोंद बदलली. चांगला मुलगा आहे. खरंच चांगला.

विचारलं, पान सव्वीस-सत्तावीस बघता येतील का? तिथे ती कविता. म्हणाला, नेमकी ती दोन्ही घड्यांत बंद आहेत, फक्त खालून फट आहे. फोनचा दिवा लावून त्याने पुस्तक धरलं आणि मी जमिनीवर गुडघे टेकून खालून डोळा लावला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, लहान पोरं बंद पेटीत डोकावतात तसा. निखिलने दंडाला धरलं होतं.

सव्वीसच्या तळाला दिसलं. 'आता उरलो तू नि मी.' शाई अजून काळी आहे.

सत्तावीसच्या माथ्यावर अंधार.

निखिलने विचारलं, नळ दुरुस्त करणारे घालतात तसा बारीक कॅमेरा? मंदारने मान हलवली. कागद ठिसूळ झालाय, घडीवर दोन ठिकाणी तडा गेलाच आहे, आत काहीही सारलं की फाटेल. मी म्हटलं, मग कापूच या ना, पट्टीने, मी कापतो, मला सवय आहे. मंदारने पुस्तक परत मखमलीवर ठेवलं.

"काका, एकदा उघडलं की ते परत बंद होत नाही."

बाहेर येऊन बसलो. पोहे आले. शालिनीबाईंनी विचारलं, एवढं काय हो त्या पानात? मी कडवं म्हणून दाखवलं. सांगितलं, पानं कुणी कापली नाहीत त्याचं कारण मी, आळस केला. आणि पुढचं मला ठाऊक नाही.

त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला. "मग खडू काय म्हणाला?"

"तेच तर."

"अरे मंदार, खडू काय म्हणाला?"

"आई, मी नाही वाचलेलं ते पुस्तक."

"म्हणजे तुझंच पुस्तक आणि तूच नाही वाचलं?" बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे आंब्याची अढी लावतात आणि खात नाहीत, तशातला प्रकार."

मंदार हसला. हसण्यात वाईट वाटल्याची छटा होती.

१ ऑगस्ट

दिवसभर ताराबाईंचा राग आला. चाळीस वर्षं. एक पान उघडावंसं वाटलं नाही? वाटी दिली असती तर निदान चटणी ठेवली असती.

संध्याकाळी खाली चालताना आठवलं आणि बाकावर बसलो. ताराबाईंना वाचता येत नव्हतं. पोराच्या दाखल्यावर अंगठा उठवायला माझ्याकडेच आल्या होत्या. त्या दिवशी विमलने पुस्तक दिलं तेव्हा त्यांनी ते डोक्याला लावलं होतं. घरी नेऊन ट्रंकेत, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलं असणार, म्हणून तर इतकं स्वच्छ राहिलं. मेल्यावर सुनेने रद्दीत घातलं असेल, तिथून मंदारकडे आलं.

वाचता न येणाऱ्या बाईने ते जपलं. वाचता येणाऱ्याने दे की म्हटलं.

५ ऑगस्ट

ईराला कडवं पाठ झालं. 'खडूला' नीट म्हणते, 'ळ' जरा अडखळतो. गृहपाठ करता करता तिला विचारलं, तुला काय वाटतं, खडू काय म्हणाला असेल?

वही बंद न करता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट वरी लाह. टुमॉरो गॉट स्कूल व्हॉट."

उद्या शाळा आहेच की.

मी आत निघून गेलो. तिला वाटलं रागावलो. आत येऊन म्हणाली, सॉरी आजोबा, मी मेकअप केलं. मनाने रचलं, असं म्हणायचं होतं तिला. कसं सांगू हिला. विमल अगदी असंच लिहिणारी होती. कदाचित हेच लिहिलंही असेल. कदाचित नाही. आणि ते 'कदाचित' आता मला पुरत नाही.

९ ऑगस्ट

इथला राष्ट्रीय दिन, सगळ्यांना सुट्टी. गॅलऱ्यांतून लाल-पांढरे झेंडे. विमानं घरावरून गर्जत गेली, ईरा नाचली.

मंदारला फोन केला. फार तयारी करून. आधी हवापाणी, मग आईंची तब्येत, मग मुद्दा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाला, काका, चार रात्री नीट झोपलो नाही. मग खरं सांगितलं. त्या चित्रकाराच्या कामांचं संग्रहालय मुंबईत उभं राहतंय, त्यांना हे पुस्तक त्याने द्यायचं कबूल केलंय. विकत नाहीये, देतोय. त्यांचा माणूस या महिन्याच्या सत्तावीसला इथून जाताना घेऊन जाईल. न उघडलेली प्रत, असं लिहूनही पाठवलंय. काचेत ठेवणार, मुखपृष्ठ वर करून.

"तिथे हजारो लोक बघतील, काका. नाव वाचतील आजींचं."

नाव वाचतील. मी म्हटलं, फार चांगलं करताय. मनापासून म्हटलं, आणि फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

त्याच्या जागी मी असतो तर? एक म्हातारा येतो, म्हणतो फाड. वर्गात काचेच्या कपाटातला पृथ्वीचा गोल मी तरी कुणाला हात लावू दिला का? तीस वर्षं किल्ली माझ्या खिशात. कुणा पोराने बोट फिरवून कऱ्हाड शोधलं नाही.

१४ ऑगस्ट

स्वतःच लिहून बघितलं. आयुष्यभर इतरांच्या कविता शिकवल्या, वृत्तं डोक्यात आहेत, मात्रा बोटांवर.

खडू म्हणाला, झिजलो जरी मी
अक्षरांतुनी उरेन...

खोडलं. ही विमल नाही. हे कुठल्याही शिक्षकाच्या निरोप समारंभातलं आहे. हार घालायचा आणि नारळ द्यायचा.

तिचा खडू 'अक्षरांतुनी' म्हणणार नाही. तिचा खडू साधं काहीतरी म्हणेल आणि मग घरी जाताना रस्त्यात रडू येईल.

१७ ऑगस्ट

खाली चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू आहे. ब्लॉकच्या मागे पत्र्याच्या पिंपात कागद जाळतात. कागदाचे बंगले, कागदाचे शर्ट, कागदाचे मोबाईलसुद्धा. जळलं की ते पलीकडे पोचतं अशी समजूत. सातव्या मजल्यावरच्या आजीबाई रोज ओळखीचं हसतात, आज पिंपापाशी होत्या. मला जागा करून दिली. मी नुसता उभा राहिलो. माझ्याकडे जाळायला काही नव्हतं, पलीकडून काही मागवायचं होतं.

त्यांनी कागदाची नोट माझ्या हातात ठेवली, टाका म्हणून खुणावलं. टाकली.

२१ ऑगस्ट, रविवार

निखिलशी बोलणं झालं. भांडण नव्हे. भांडण झालं असतं तर बरं.

तो म्हणाला, मंदारचं बरोबर आहे बाबा, तुम्ही आता सोडा. मग थोड्या वेळाने, भांडी पुसता पुसता: "एक विचारू? आईची कविता तुम्ही तेव्हाच का नाही वाचली? घरातच होती ना?"

म्हटलं, घरात प्रत नव्हती.

"आई होती की. पुढे अडतीस-चाळीस वर्षं होती. विचारायचं, काय गं लिहिलं होतंस पुढे. आम्हाला आठवतं बाबा, जेवताना तुम्ही सगळ्या जगाच्या कविता म्हणायचात आणि आई वाढायची. ती म्हणायची, ह्यांचा आवाज काय छान लागतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

खरं आहे. ती एकदाही म्हणाली नाही, माझी म्हणा. एकदा, आता आठवतं, निखिल दहावीत असेल तेव्हा, पोळ्या लाटता लाटता तिने स्वतःशीच दोन ओळी म्हटल्या होत्या. मी विचारलं, कुणाची गं? चाल चांगली आहे. ती म्हणाली, असेल कुणाचीतरी.

त्याच ओळी असतील का? चाल आठवते. शब्द एकही...

२३ ऑगस्ट

मंदारला पत्र लिहिलं. हाताने. मागणं काही नाही. आभार मानले, पुस्तकाची माहिती लिहून दिली: प्रेस कुठला, ठोकळा कुणी मागवला, वाण म्हणून कसं गेलं, ताराबाई कोण. पानं न कापण्याचं कारण म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. म्हटलं, प्रतीबरोबर ठेवा, काचेखाली कुणी वाचेल. त्याच्या भाषेत याला वस्तूचा इतिहास म्हणतात आणि त्यानेही पुस्तक मोलाचं होतं.

म्हणजे माझा आळस आता संग्रहालयात जाणार.

निखिलने टपालपेटीत टाकलं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

हवा सकाळपासून धुरकट. शेजारच्या देशात रानं पेटलीत, घसा खवखवतो. घरात कुणी नाही. ईरा शाळेत, दोघं ऑफिसला.

उद्या पुस्तक जाणार. पुढे कधी मुंबईला गेलोच तर बघता येईल, काचेतून. ईराला घेऊन जाईन म्हणतो. ही तुझी आजी. आत काय आहे? माहीत नाही बाळा.

मनाला समजावतो की आतलं ते अजून आहे तरी. नष्ट झालेलं नाही. सत्तावीसच्या माथ्यावर, अंधारात, खडू जे म्हणाला ते म्हणून बसलाय. माझ्या विचारण्याची त्याला गरज नव्हती, तिलाही नव्हती, मलाच

बेल वाजली. पार्सलवाला असेल. बघून येतो.

सव्वाअकरा

पार्सलवाला नव्हता. शालिनीबाई. मंदारची आई. एकट्या.

नाकातोंडावर ओढणीसारखा पदर धरलेला, पायात बूट, घामाघूम. पुंगोलहून दोन ठिकाणी गाडी बदलून आल्या. म्हणे एका ठिकाणी उलट्या दिशेच्या गाडीत बसले, एका शाळकरी मुलीने उतरवून दिलं. पत्ता माझ्या पत्राच्या पाकिटावरचा. मंदारला सांगितलेलं नाही. तो ऑफिसात, सून बाजारात.

पाणी दिलं. दोन घोट पिऊन म्हणाल्या, "तुमचं पत्र मंदारने मला वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबला. मग रात्री कपाट उघडून बसला होता, काही केलं नाही, नुसता बसला होता."

म्हटलं, चांगला मुलगा आहे तुमचा.

"चांगला आहेच. म्हणून तर त्याच्याच्याने होणार नाही."

पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली. टॉवेल उलगडला, आत ते पारदर्शक पाकीट. टेबलावर ठेवलं. ईराच्या रंगपेटीशेजारी.

मी म्हटलं, बाई, त्याला न विचारता?

"त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि मग जन्मभर त्याला ते लागलं असतं. तुम्हाला विचारते. तुमच्या बायकोचं आहे, आणि पानं तुम्ही ठेवलीत तशी. उघडायचं असेल तर उघडा, मी मंदारला सांगेन की मी उघडलं. नको असेल तर मला परत गाडीत बसवून द्या, तो यायच्या आत कपाटात जाईल. दोन्हीत मी आहे."

मग हळू आवाजात: "पण उघडलंत तर मोठ्याने वाचा. मलाही ऐकायचंय."

चहा टाकतो म्हणून उठून आलोय. पाणी ओट्यावर तसंच, गॅस पेटवलेला नाही. वही हातात आहे. बाहेर त्या खुर्चीत बसल्यात, पाय दाबताहेत. पाकिटाला अजून हात लावलेला नाही.

त्यांनी बाहेरूनच, मला आत ऐकू येईल असं विचारलं, मास्तर, काय ठरलं?